गाडी पुलावरून नको, पुलाखालून न्या

प्रति,
एका दिवसात मुंबई दाखवणारे सर्व सहल-आयोजक, मार्ग आखणारी मंडळी आणि मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी मामेबहीण तिच्या दोन मुलांना घेऊन सांगलीहून आली होती. मुलांनी मुंबई पाहिलेली नव्हती. माझे गुडघे आता लोकलचे जिने चढू देत नाहीत, म्हणून चार तिकिटं काढली आणि तुमच्यापैकीच एकाच्या दिवसभराच्या गाडीत बसलो. कोणाच्या, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण घरी आल्यावर आणखी चार-पाच जणांची माहितीपत्रकं मागवून पाहिली आणि सगळ्यांचा मार्ग जवळपास एकच निघाला.

दुपारी जेवणं उरकून गाडी भायखळ्याहून दादरकडे निघाली आणि लालबागच्या उड्डाणपुलावर चढली. मार्गदर्शक तरुण होता, आवाज गोड होता, सकाळपासून मन लावून बोलत होता. तिथे मात्र त्याने माइक खाली घेतला आणि म्हणाला, "हे लालबाग-परळ. इथे गणपती असतो. बाकी आता दादरपर्यंत बघण्यासारखं काही नाही, कोणाला डुलकी काढायची असेल तर काढून घ्या." गाडीत हशा पिकला. बहिणीचा थोरला माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुमचं घर इथेच ना?"

हो. पुलाखाली.

हे पत्र त्या मुलाच्या प्रश्नामुळे लिहितो आहे. मार्गदर्शकावर राग नाही. त्याच्या हातात जो कागद दिला होता, त्यावर लालबाग नव्हतंच. तो कागद तुम्ही तयार करता, म्हणून तुम्हाला लिहितो.

आधी माझा संबंध सांगतो. माझे वडील तळकोकणातून आले आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, लागले. पहिली काही वर्षं बदली कामगार, म्हणजे पाळीच्या वेळी दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घेत, नाहीतर परत. राहायला गावाची खोली होती. एका गावचे वीस-पंचवीस गडी एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाल्याने पसरायचं. पुढे लग्न झालं, चाळीत खोली मिळाली. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे वडिलांना कमी ऐकू येई आणि ते घरातही ओरडूनच बोलत. आम्हाला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच बोलतात. चाळीत खरोखरच सगळ्यांचे वडील असेच बोलत. भोंगा झाला की आई भाकरीचं पीठ मळायला घेई, घरात घड्याळ लागत नसे.

आता तक्रारी.

सकाळचा अर्धा दिवस तुम्ही फोर्टात घालवता, ते योग्यच आहे. बोरीबंदरची स्टीव्हन्सची इमारत, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पुरी झाली, २००४ पासून ती जागतिक वारसा आहे, ती दाखवायलाच हवी. राजाबाई टॉवर दाखवता, डेव्हिड ससून ग्रंथालय दाखवता. पण हा दगड इथे कशाच्या पैशाने चढला, ते सांगत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच कापसाच्या आणि शेअरच्या लाटेवर वर गेलेले आणि १८६५ मध्ये तिच्यासकट आपटलेले गृहस्थ. ससून घराण्याच्या गिरण्या तर आमच्याच भागात. पुढे त्यांच्याच 'इंडिया युनायटेड मिल' झाल्या. म्हणजे पेढी आणि दुकान तुम्ही पाहुण्यांना फिरून फिरून दाखवता आणि ज्या कारखान्यावर ते उभं राहिलं, त्याच्यावरून पूल ओलांडून निघून जाता.

हायकोर्टासमोर गाडी थांबली तेव्हा मार्गदर्शकाने टिळकांचं नाव घेतलं, बरं वाटलं. २२ जुलै १९०८ ला इथे लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. एवढंच सांगून गाडी पुढे. त्या शिक्षेनंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने, हे वाक्य जोडायला किती वेळ लागतो? गोळीबार झाला, माणसं मेली, ती गिरणगावातली, म्हणजे आमच्या लालबाग-परळच्या गिरणीवस्तीतली होती. हुतात्मा चौकातही हाच प्रकार. कारंज्यापाशी सगळ्यांनी फोटो काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांच्या यादीत कामगारवस्तीतली किती घरं आहेत, ते कोणी बोललं नाही.

माझी सगळ्यात जिव्हारी लागलेली तक्रार पुढची आहे. लोअर परळच्या मॉलमध्ये चहापाण्यासाठी अर्धा तास थांबा होता. तिथे जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. एका बाईंनी विचारलं, हे काय आहे? उत्तर आलं: "पूर्वी मिल होती. संप झाला, मिल बंद पडल्या, मॉल आले." तीन वाक्यांत निकाल लागला.

संप झाला, खरं आहे. १८ जानेवारी १९८२ पासून, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं एकेक करून थकली. संपात चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही, आमच्याच चाळीत त्यावरून भावाभावांत अबोला होता. पण संपाने सगळं संपलं, ही गोष्ट सोयीची आहे. यंत्रं आधीच जुनाट झाली होती आणि नफा त्यांत परत घातला जात नव्हता. भिवंडीच्या यंत्रमागावर तेच कापड स्वस्तात निघत होतं. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, त्याही सावरल्या नाहीत. आणि मग जमीन कापडापेक्षा महाग झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनीसाठी होता: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकामाखालची जमीन त्यातून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांची होती. मैदानं आणि घरं किती झाली आणि काच किती झाली, ते पाहायला फलक लागत नाही, मान वर केली की पुरे.

एवढं सगळं चहाच्या थांब्यावर सांगा, असं माझं म्हणणं नाही. पण अडीच लाख घरांचा दोष तीन वाक्यांत त्या घरांवरच टाकू नका. सांगायला वेळ नसेल तर "मोठी गोष्ट आहे, एकदा सवडीने वाचा" एवढं म्हणा. ते जास्त खरं होईल.

आणि रविवार. तुमच्या गाड्या रविवारी भरतात. मग हा रविवार कुठून आला तेही सांगत चला. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. तुमच्या सहलीचा दिवसच गिरणगावाने मिळवून दिलेला आहे आणि त्या दिवशी तुम्ही गिरणगावावरून झोपत जायला सांगता!

गणपतीबद्दलही थोडं. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०, गणेश गल्ली १९२८, लालबागचा राजा १९३४. ही मंडळं कामगारांनी, कोळ्यांनी, बाजारातल्या व्यापाऱ्यांनी उभी केली, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण दहा दिवसांखेरीज उरलेले ३५५ दिवस इथे काय होतं? कोकणातून आलेली जाखडी आणि दशावतार होता, घाटावरून आलेला तमाशा होता, त्यासाठी लालबागचं हनुमान थिएटर होतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये पाळी सुटल्यावर तालमी करून कामगार नाटकं करत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये याच वस्तीच्या जोरावर उभं राहिलं. भजनी मंडळं, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ तर गल्लीगणिक. बायका सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात कामाला होत्या, त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. गिरणीबाहेरच्या बायका खानावळी चालवत. एकेकीच्या घरी दहा-पंधरा गडी दोन वेळ जेवत, पैसे पगाराला. त्या खानावळवाल्यांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. माझी आई त्यात नव्हती. तिचं म्हणणं, घरातल्या सहा जणांची खानावळ पुष्कळ झाली.

नुसती कुरकुर करून पत्र संपवणं बरं नाही, म्हणून मार्गही देतो. मी तो दोन रविवार भाच्याच्या गाडीत बसून फिरून पाहिला आहे. एका दिवसात होतो.

सकाळी लवकर ससून डॉक. १८७५ ची गोदी, आधी कापसाच्या व्यापारासाठी, आता मासळीची. पाहुण्यांना वास येईल, येऊ द्या. तिथून बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी जिथून सुटली, तिथे रेल्वे आणि कापूस यांचं नातं सांगता येतं. मग भायखळा, राणीच्या बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ चं. निगुतीने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलेलं. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. या शहरातले कारागीर आणि त्यांचे धंदे मातीच्या छोट्या बाहुल्यांत तिथे पाहायला मिळतात. मुलं तिथून हलत नाहीत, हा माझा अनुभव.

आणि इथे, कृपा करून, चालकाला सांगा: पुलावर चढू नको. आंबेडकर रस्त्याने खालून घे. २०११ साली पूल झाल्यापासून लालबाग वरून दिसतं ते फक्त छपरांपुरतं. खालून गेलात तर चिवडा गल्ली लागेल, मसाल्याचा बाजार लागेल. मे महिन्यात गेलात तर डंकावर मिरची कुटताना गाडीभर माणसं शिंकतील आणि ते ठिकाण कधी विसरणार नाहीत. भारतमाता सिनेमा लागेल, गिरणीच्या जमिनीवरचा, जिथे आमच्या तीन पिढ्यांनी मराठी चित्रपट पाहिले. जेवण इथेच करा. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या २-३ नंबरच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना किती वर्षांची आहे, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. तरी गाडी तिथून न्या, भिंत तरी दिसेल.

परळला हाफकिन संस्था. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, गिरण्यांतले हजारो कामगार गावी पळाले, १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस शोधली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. प्लेगनंतर वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बांधल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. तिथूनच जवळ कामगार मैदान, जिथे ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. माझ्या मते अख्ख्या दिवसातला सगळ्यात दाट भाग हा, दोन किलोमीटरच्या आतला. इथे गाडी उभी करा आणि चाला.

मग डिलाइल रोड, म्हणजे ना. म. जोशी मार्ग, आणि वरळी. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी, तळमजला अधिक तीन, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या आता पाडून टॉवर उभे राहताहेत, लोकांना मोठी घरं मिळताहेत, चांगलं आहे. चाळ वाचवा म्हणणाऱ्याने आधी सार्वजनिक संडासाच्या रांगेत आठवडाभर उभं राहून पाहावं. पण उरल्या आहेत तोवर बाहेरून दाखवा. बाहेरूनच. लोकांच्या दारात डोकावू नका, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू देऊ नका. तिथे माणसं राहतात.

लोअर परळची चिमणी वाटेत आहेच, चहा तिथेच होऊ द्या, पण आधी चिमणी, मग चहा. शेवटी हाजीअलीवरून ताडदेव. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी इथे सुरू झाली. आज पाहायला काही नाही. तरी दोन मिनिटं थांबा.

तुमच्या अडचणी मला कळतात. गाडी उभी करायला जागा नाही, गिरण्यांच्या फाटकाच्या आत कोणी सोडत नाही, आणि "लोकांना हे नको असतं" असं तुम्ही म्हणणार. परदेशी दाखले देण्याची मला हौस नाही, पण जर्मनीतल्या रूर खोऱ्यात बंद पडलेल्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या जोडणारा सुमारे ४०० किलोमीटरचा मार्ग खुणांचे फलक लावून केलेला आहे, आणि लोक गाड्या काढून तो पाहायला जातात. त्यातली त्सोलफेराइनची कोळशाची खाण २००१ मध्ये जागतिक वारसा झाली. खाण बघायला लोक जातात. गिरणी बघायला येणार नाहीत, हे दाखवून न पाहता तुम्ही कसं ठरवलंत?

मागण्या मोजक्या आहेत.

भायखळा ते दादर गाडी पुलाखालून जावी आणि लालबाग-परळमध्ये निदान एक तासाचा थांबा असावा. मार्गदर्शकाच्या कागदात गिरणगावाची दोन पानं असावीत, आणि ती इथल्या जुन्या कामगारांना, त्यांच्या बायकांना आधी वाचून दाखवावीत. चूक ते लगेच काढतील. मराठी पाहुण्यांच्या गाडीत मराठीतून बोलावं. आमच्या गाडीत चाळीसपैकी तीसजण मराठी होते आणि माहिती हिंदी-इंग्रजीत चालली होती. ज्या मॉलच्या, कार्यालयांच्या आवारात चिमणी किंवा गिरणीची भिंत उरली आहे, त्यांच्याकडे तुम्ही सगळ्यांनी मिळून मागणी करावी, की एक मराठी फलक लावा: गिरणीचं नाव, सुरू कधी, बंद कधी. ग्राहक तुम्ही आणून सोडता, तुमचं ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत.

आणि तो झोपायचा विनोद बंद करावा.

बोलायला माणसं हवी असतील तर आम्ही आहोत. आमच्या चाळीतले साचेखात्यातले दोघे, सूतकताईच्या रिंग खात्यातले एक, वाइंडिंगमधल्या एक मावशी, सगळे ऐंशीच्या आसपास, आणि मी. मानधन नको. मावशींना फक्त गाडीची पायरी फार उंच नको, आणि साचेवाल्यांशी जरा मोठ्याने बोलावं लागेल.

आपला,
एका साचेवाल्याचा मुलगा
लालबाग, मुंबई